बैठकीचा गालिचा आणि घरचे हात

घरांतील पुष्कळ वस्तू जुन्या झाल्या म्हणजे आपल्या नजरेस येतात. पायांखालची वस्तु मात्र जीर्ण झाली तरी लवकर दिसत नाहीं. भिंतीचा रंग उडाला तर पाहुणे येण्यापूर्वीं आपण रंगारी बोलावितों; छप्पर गळूं लागलें तर पहिल्या पावसांतच धांवपळ करतों. जमिनीवर आंथरलेलें जें असतें तें इतक्या हळूहळू झिजतें कीं, रोज त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या तें ध्यानांतच येत नाहीं. एखादा अपघात झाला म्हणजे मग डोळे उघडतात. आमच्या घरीं तसेंच झालें. आणि त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर सोनईस. पूर्वीं ज्याला अहमदनगर म्हणत व २०२४ सालापासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, त्या जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांतील हें गांव. शनिशिंगणापूर येथून अगदीं जवळ. त्यामुळें शनिवारीं, अमावास्येला दर्शनास निघालेले आप्तेष्ट वाटेंत आमच्याकडे उतरले नाहींत, असा महिना सहसा जात नाहीं. घरांत तिघां भावांचीं कुटुंबें, शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई, आणि मुलेंबाळें. आल्यागेल्याची ऊठबस सगळी बैठकीच्या खोलींत. खालीं शहाबादी फरशी. ती उन्हाळ्यांत सुखाची, परंतु पौष-माघांतल्या आमच्याकडच्या गारठ्यांत तिच्यावर पाऊल ठेववत नाहीं. म्हणून वीस वर्षांपूर्वीं, नणंदेच्या लग्नाच्या वेळीं, त्या खोलींत भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध गालिचा चिकटविण्यांत आला. तो यंत्रावर कृत्रिम धागे ठासून केलेला, थानांतून कापून आणलेला, तांबड्या रंगाचा होता. त्या वेळीं गांवांत त्याचें कौतुक झालें.

पुढें काय झालें तें सांगावयास नको. दारापासून माजघराकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची लव गेली, मग पाठ दिसूं लागली. उंबऱ्यापाशींची कड सुटली. तिच्यावर आम्हीं एक पायपुसणें टाकलें आणि दुरुस्ती झाली असें समजलों. गेल्या आषाढांत एका पहाटे देवघराकडे जातांना सासूबाईंचें पाऊल त्या सुटलेल्या कडेंत अडकलें. त्या पडल्या आणि मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरांत होता. समाचाराला येणारा प्रत्येकजण गालिच्याला दोष देई. सासूबाई मात्र म्हणत, "गालिच्यानें मला नाहीं पाडलें. तो फाटलेला रोज दिसत होता आणि तुम्ही सगळे त्यावरून ओलांडून जात होतां, त्यानें पाडलें."

हें बोलणें घरांतल्या सर्वांनाच लागलें.

झाडणाराचें मत

एका रविवारीं दुपारीं विचारविनिमय सुरू झाला. मोठे भावजी मुख्याध्यापकीतून निवृत्त झालेले. त्यांचें म्हणणें, गालिच्याचें खूळच नको, सगळीकडे गुळगुळीत चकचकीत फरशी बसवून टाकावी. धाकट्या भावजींचें मत, होता तसलाच नवा गालिचा थानांतून आणावा, दोन दिवसांत काम उरकेल. आमच्या यजमानांनीं दोन्ही खर्चांचे आंकडे मांडावयास घेतले. इतक्यांत मोठ्या जाऊबाई, ज्या अशा वेळीं सहसा बोलत नाहींत, त्या शांतपणें म्हणाल्या, "ज्यांच्या हातांत केरसुणी असते त्यांना एकदां विचाराल का?"

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. कारण तें खरें होतें. वीस वर्षांपूर्वीं हा गालिचा बसला तेव्हां रंग कोणता असावा हें पुरुषांनीं ठरविलें, दर किती द्यावा हेंही पुरुषांनींच ठरविलें. आणि तो झाडण्याचें, त्यावर सांडलेली आमटी टिपण्याचें, पावसाळ्यांत त्याचा कुबट वास सोसण्याचें काम मात्र न विचारतां आमच्याकडे आलें. काळ्या जमिनीच्या गांवांत शेतावरून येणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर माती घरांत येते. ती त्या गालिच्याच्या पोटांत किती बसली असेल हें केरसुणी धरणारालाच ठाऊक!

जाऊबाईंनीं चार प्रश्न मांडले. सांडलेलें धुऊन काढतां येईल का? एक जागा बिघडली तर सगळें टाकावें लागेल का? खालची जमीन कशी आहे हें मधूनमधून उचलून पाहतां येईल का? आणि सासूबाईंचें पाऊल पुन्हा कोठें अडकेल का? या चार प्रश्नांवर दोन्ही सूचना टिकेनात. चकचकीत फरशी धुतां येते खरी, पण ओली झाली कीं निसरडी, आणि थंडींत तिच्यावर म्हाताऱ्या माणसानें बसावें कसें? नव्या थानाच्या गालिच्यांत जुन्याचे सर्व दोष जसेच्या तसे. सतरंजी धुतां येते, परंतु ती सरकते, तिची घडी पडते, आणि तिच्या कडेंतही पाऊल अडकतेंच.

तेव्हां पुण्यास नोकरीला असलेला पुतण्या म्हणाला, "काकू, आमच्या कचेरींत गालिचा आहे, पण तो चौरस तुकड्यांचा. एकावर चहा सांडला कीं शिपाई तेवढाच तुकडा उचलून नेतो." हेंच तें, ज्याला बाजारांत कार्पेट टाइल म्हणतात. आम्हीं त्याला घरांत 'चौरस' हेंच नांव ठेवलें आणि या लेखांतही तेंच वापरतें.

जुन्या घरांची रीत

हा प्रकार ऐकून सासूबाईंना मुळींच नवल वाटलें नाहीं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळीं जमीन अशीच तर संभाळीत होतों." विचार केल्यावर तें पटलें. जुन्या घरांची जमीन मुरूम-मातीची. चोपण्यानें चोपून घट्ट केलेली आणि शेणानें सारविलेली. एखादे ठिकाणीं खळगा पडला तर तेवढीच जागा उकरावयाची, ओली माती घालावयाची, चोपावयाची आणि वरून सारवावयाचें. त्यासाठीं सगळें घर उखणण्याचें कोणाच्या स्वप्नांतही येत नसे. वर आंथरावयाचें तेंही असेंच. बैठकीला जाजम किंवा जमखाना; थंडीला धनगरांनीं दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची विणलेली घोंगडी, नाहींतर लोकर ठासून केलेला बुरणूस. जें विटलें तें काढावें, जें चांगलें तें ठेवावें. गोधडीला ठिगळ लावावें तें फाटल्या जागींच. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच आंथरूण चिकटवून टाकणें आणि एका कोपऱ्यासाठीं तें सगळें फेकणें, ही रीत आपली नव्हे.

येथें एक सूचना अवश्य देऊन ठेवतें. आपल्या घरांतील जुना गालिचा हातानें गांठी मारून विणलेला लोकरी असेल तर तो टाकण्याची घाई करूं नये. असे गालिचे भदोही-मिर्झापूरकडून, काश्मीरकडून आपल्याकडे येत. आणि एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या येरवडा तुरुंगांत कैद्यांनीं विणलेल्या गालिच्यांचाही मोठा लौकिक होता. अशा गालिच्याची कड उसवली, मधें भोंक पडलें, तरी जाणता रफूगार त्यांत नव्या गांठी भरूं शकतो. गालिचा उलटा करून पाहावा. पाठीवर नक्षी स्पष्ट उमटलेली आणि एकेक गांठ दिसत असेल तर तो हाताचा समजावा. आमचा तसा नव्हता. त्याच्या पाठीला रबरासारखा थर होता आणि त्याचें पीठ होत चाललें होतें. अशा गालिच्याला रफू नाहीं.

चौरसांचा गालिचा

चौरसांचा जन्म घरांसाठीं झाला नाहीं, तरी त्याची हकीकत मनोरंजक आहे. हॉलंडांतील ह्यूगा या कारखान्यानें १९५६ सालीं असे सुटे चौरस बाजारांत आणले. पुढें १९७३ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांत रे अँडरसन या गृहस्थानें इंटरफेस नांवाची कंपनी काढली व हाच धंदा वाढविला. १९८८ सालीं तिनें ह्यूगाही विकत घेतली. त्या काळांत कचेऱ्यांतून विजेच्या व टेलिफोनच्या तारा जमिनीखालून नेऊं लागले होते. तार दुरुस्त करावयाची झाली तर सबंध गालिचा न उपटतां चार चौरस उचलले कीं काम भागे. म्हणून कचेऱ्यांनीं हा प्रकार उचलला. मात्र याचे धागे नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम द्रव्याचे आणि पाठ बहुधा डांबराची अथवा प्लास्टिकची, हें विसरूं नये. हा माल मातींत मिळून जात नाहीं. स्वतः अँडरसन यांनाच १९९४ सालीं आपल्या धंद्यामुळें पृथ्वीवर पडणाऱ्या भाराची टोंचणी लागली आणि त्यांनीं कंपनीचा मार्ग बदलण्याचा निश्चय केला. तेव्हां चौरस घ्यावयाचे तर ते दीर्घकाळ टिकविण्याच्या बुद्धीनें घ्यावे, दर दोन वर्षांनीं रंग बदलण्याच्या हौसेनें नव्हे.

चौरसाचें सर्वसाधारण माप ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस मीटराला चार लागतात. जाडी सहा-सात मिलिमीटर. पाठ जड असते, म्हणून तो सपाट पडून राहतो. धागा नायलॉनचा घेतल्यास दाबलेली लव पुन्हा उभी राहण्याचा गुण त्यांत अधिक. वर्दळीच्या खोलीला तोच बरा.

आधीं जमीन, मग गालिचा

श्रावणांत जुना गालिचा काढावयास घेतला. तोंडाला ओला रुमाल बांधून, खिडक्या उघड्या टाकून, हातभर रुंदीचे पट्टे कापून ते गुंडाळीत गेलों. फरशीला चिकटून राहिलेला गोंद गरम पाण्यानें भिजवून पत्र्याच्या खरवडण्यानें काढला. जे पट्टे बऱ्या स्थितींत होते ते ट्रॅक्टरच्या बैठकीला आणि गोठ्याच्या दाराशीं उपयोगी पडले. उरलेला कचरा जाळावयाचा नाहीं असें आधींच ठरविलें होतें. कृत्रिम धाग्यांचा धूर विषारी असतो.

गालिचा निघाला आणि खरा शत्रु दिसला. न्हाणीघराच्या भिंतीलगत तीन फरशा काळवंडलेल्या होत्या आणि त्यांच्या सांध्यांत ओल होती. कुबट वास गालिच्याचा समजत होतों, तो जमिनीचा निघाला! अशा वेळीं करावयाची परीक्षा फार सोपी आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा सुमारें १८ इंच लांबरुंद तुकडा घ्यावा, चारी कडा चिकटपट्टीनें फरशीला घट्ट चिकटवाव्या आणि निदान १६ तास तसाच राहूं द्यावा. उचलल्यावर त्याच्या खालच्या बाजूस थेंब दिसले किंवा फरशी काळसर झाली असली तर ओल खालून येत आहे असें समजावें. आम्हीं खोलींत चार ठिकाणीं असे तुकडे लावले. तीन कोरडे निघाले, न्हाणीघराकडचा मात्र थेंबांनीं भरला होता.

कारण शोधतां मोरीच्या नळाचा सांधा सुटलेला सांपडला. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला भेगा पडतात. या वर्षानुवर्षांच्या हालचालीनें जमिनींतले सांधे ढिले होतात. घाई करून वरून नवें आंथरूण घातलें असतें तर वर्षभरांत तेंही कुजलें असतें. गवंड्याकडून नळ दुरुस्त करून घेतला, त्या तीन फरशा काढून खालचा भराव बदलला, आणि पांच आठवडे खोली मोकळी ठेवली. पाहुण्यांना सतरंजीवर बसविलें; कोणी रागावलें नाहीं. दसऱ्याच्या आधीं पुन्हा परीक्षा केली, तेव्हां चारी तुकडे कोरडे. मगच पुढील कामास हात घातला. या सर्व खटाटोपांत एकच गोष्ट लक्षांत ठेवावयाची झाली तर ती ही ठेवावी.

फरशीच्या सांध्यांतले खळगे सिमेंटानें भरून घोटून घेतले; कारण चौरस मऊ असल्यामुळें खालचा उंचसखलपणा वर उमटतो.

हिशोब आणि मांडणी

आमची खोली १२ फूट बाय १८ फूट. म्हणजे सुमारें ३६६ बाय ५४९ सेंटिमीटर. केवळ क्षेत्रफळ पाहिलें तर ८० च्या आसपास चौरस पुरेसे वाटतात. पण हा हिशोब फसवा आहे, कारण भिंतीलगत कापलेल्या तुकड्यांचा उरलेला भाग दरवेळीं कामीं येतोच असें नाहीं. लांबीच्या बाजूला ११ चौरस जवळजवळ पुरतात. रुंदीच्या बाजूला ७ बसून १६ सेंटिमीटर उरतात. एका कडेपासून सुरुवात केली तर दुसऱ्या कडेला १६ सेंटिमीटरांची बारीक पट्टी येते, ती दिसते वाईट आणि उचकटते लवकर. म्हणून खोलीच्या मध्यापासून आरंभ करावा: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन पूर्ण चौरस आणि दोन्ही भिंतींशीं ३३ सेंटिमीटरांचा एकेक तुकडा. याप्रमाणें ओळीला ८ चौरस, आणि अशा ११ ओळी, म्हणजे ८८. आम्हीं घेतलेल्या खोक्यांत प्रत्येकीं २० चौरस होते. पांच खोकीं आणलीं, म्हणजे १२ शिल्लक राहिले. हे शिल्लक राहिलेले चौरस म्हणजे उधळपट्टी नव्हे. तीच पुढील वर्षांची शिदोरी. सगळीं खोकीं एकाच घाण्यांतलीं घ्यावीं. वेगवेगळ्या वेळीं रंगविलेल्या मालाच्या छटेंत फरक पडतो. लावण्यापूर्वीं एक दिवस तीं त्याच खोलींत उघडून ठेवावीं.

रेषा आंखण्याचें काम भावजींकडे दिलें. जुन्या घराच्या भिंती कधींच काटकोनांत नसतात, म्हणून भिंतीला लागून मांडणी करूं नये. दोन समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून गेरूंत बुडविलेली दोरी ताणली आणि फटकारली, कीं एक रेषा उमटते. दुसरी तिला काटकोनांत पाहिजे. छेदबिंदूपासून एका रेषेवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजावे. त्या दोन खुणांतील अंतर बरोबर ५ फूट भरलें तर कोन बिनचूक. भावजी संस्कृतचे शिक्षक, ते मुलांना म्हणाले, "शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत हाच सिद्धान्त वेदी आंखण्यासाठीं सांगितला आहे." आजवर पाठ केलेलें तें ज्ञान त्यांनीं स्वतःच्या गुडघ्यांवर बसून प्रथमच वापरलें, असें त्यांनींच हंसत कबूल केलें.

चौरसाच्या पाठीवर बाण असतो. तो लवेची दिशा दाखवितो. सर्व बाण एकाच दिशेला ठेवले तर जमीन एकरंगी दिसते. एक उभा, एक आडवा असे ठेवले तर फुलीफुलीची नक्षी उमटते. आम्हीं दुसरा प्रकार घेतला, कारण त्यांत सांधे आणि पुढें बदललेला चौरस दोन्ही झांकले जातात. बाण तपासण्याचें काम मुलांकडे दिलें. त्यांनीं तें इतक्या कडकपणें केलें कीं, माझे दोन चौरस परत उचलावे लागले.

गोंद सुताराचा घेऊं नये. या कामाला एक निराळा गोंद मिळतो. तो लावतांना दुधासारखा पांढरा असतो, वाळला म्हणजे पारदर्शक होतो, परंतु चिकटपणा राहतो. त्यावर चौरस बसतो, सरकत नाहीं, आणि हवा तेव्हां उचलतां येतो. चौरस एकमेकांस नुसते भिडवावे. दाटीनें कोंबले तर सांधे वर उचलले जातात. भिंतीकडचे तुकडे कापतांना चौरस उलटा करून, पोलादी पट्टी धरून, पाठीवरून धारदार सुरीनें दोन-तीनदां रेघ ओढावी. एकाच जोरांत कापावयास जाऊं नये. पुतण्यानें कापले, आम्हीं दोघी जावांनीं बसविले, यजमानांनीं सामान हलविलें, आणि धाकट्या भावजींनीं दाराची खालची कड रंध्यानें तासली. नाहींतर दार अडलें असतें. उंबऱ्यापाशीं जेथें सासूबाई पडल्या होत्या, तेथें ॲल्युमिनियमची उतरती पट्टी खिळ्यांनीं पक्की बसविली. दीड दिवसांत काम झालें. मजुरी कोणास द्यावी लागली नाहीं; थानाच्या साध्या गालिच्यापेक्षां चौरसांची किंमत जास्त पडली, तिचा कांहीं भाग तेथें भरून निघाला.

जेथें घातला नाहीं

नवी वस्तु साधली कीं ती घरभर करण्याचा मोह होतो. तो आम्हीं आवरला. देवघराची फरशी उघडीच ठेविली. सासूबाईंनीं विचारलें, "हें लोकरीचें आहे का?" नाहीं म्हणतांच त्या म्हणाल्या, "मग माझें लोकरीचें आसन मला बरें." स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि न्हाणीघराकडची वाट येथें पाणी आणि खरकटें, तेथें गालिच्याचें काम नाहीं.

चौथी जागा अधिक महत्त्वाची. धाकट्या जावेच्या मुलाला दमा आहे. गालिच्याच्या लवेंत धूळ बसते आणि तींत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे राहतात. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि दमट हवेंत वाढतात. कित्येक दमेकऱ्यांना त्यांपासूनच उपद्रव होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्याच्या निजण्याच्या खोलींत उघडी फरशी आणि दर आठवड्याला धुतां येईल अशी सुती सतरंजी एवढेंच ठेविलें. चौरस कितीही सोयीचे असले तरी शेवटीं तो गालिचाच आहे. त्यामुळें हा दोष जात नाहीं. बैठकींतही एक दिवसाआड व्हॅक्यूम-यंत्र फिरवावयाचें आणि तें काम आठवड्यांतून दोनदां पुरुषांनीं करावयाचें, हें त्या रविवारींच ठरलें होतें. आतांपर्यंत तरी तें पाळलें गेलें आहे.

संक्रांतीची हळद

परीक्षेचा दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आला. पंचवीस-तीस बायका बैठकींत, मधून मुलांची धांवाधांव. कोणाचा तरी धक्का लागून हळदीचें तबक उपडें झालें. हळदीचा डाग म्हणजे जन्माचा डाग. पूर्वींचा गालिचा असता तर तो पिंवळा डाग पाहून मीं वर्षभर हळहळलें असतें. जाऊबाई उठल्या, दोन चौरस कडेनें उचकटून उचलले आणि न्हाणीघरांत नेऊन धुतले. एक स्वच्छ झाला. दुसऱ्यावर पिंवळी झांक राहिली. शिल्लक ठेवलेला कोरा चौरस तेथें बसविला असता तर नवेपणानें उठून दिसला असता; म्हणून त्यांनीं लोखंडी कपाटाशेजारचा, थोडासा वापरलेला चौरस मधें आणला आणि डाग असलेला त्या कोपऱ्यांत ठेवला. हें सर्व होईतों पाहुण्यांचा तिळगूळ वाटून संपलाही नव्हता. दारापासूनच्या वाटेवरचे चौरस झिजूं लागले म्हणजे ते अशाच रीतीनें कोपऱ्यांतल्यांशीं बदलीत राहावयाचे. त्यायोगें सगळा गालिचा सारखा जुना होतो.

आमच्या घरांतील ही घडामोड तशी लहानच. परंतु तिनें एक संवय मोडली. घरांतील वस्तु निवडणारे एक आणि ती संभाळणारे दुसरे, अशी जी विभागणी आपल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही मुकाट्यानें चालत आली आहे, ती बरी नव्हे. जो झाडतो त्याला जमीन ठाऊक असते. त्याला विचारलें असतें तर ओल पुष्कळ आधीं सांपडली असती, आणि सासूबाईंचा हात मोडला नसता. शिवाय जें आपल्या हातांनीं बसविलें तें दुरुस्त करावयास हात कचरत नाहींत. आतां घरांत कोणीही सुटलेली कड ओलांडून जात नाहीं. तेथेंच वाकतो आणि ती बसवितो.

सासूबाईंचें मनगट बरें झालें आहे. पहाटे त्या पूर्वींप्रमाणेंच देवघराकडे जातात. उंबऱ्यापाशीं आल्या म्हणजे मात्र क्षणभर थांबून पायाच्या अंगठ्यानें ती पट्टी चांचपून पाहतात आणि मग पुढें जातात.